कोई माशांचा ‘पाचशे रुपयांतला फिल्टर’: तो मेसेज पुढे पाठवू नका

‘कोई माशांच्या टाक्यासाठी पाचशे रुपयांत घरगुती फिल्टर, वर्षभर पाणी बदलायची गरज नाही’ हा मेसेज उन्हाळा लागल्यापासून वऱ्हाडातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: जुन्या कूलरची मोटर घ्या, बादलीत वाळू-कोळशाचे थर द्या, पाणी गढूळ वाटलं तर तुरटी फिरवा, दर रविवारी आतला सगळा माल टीसीएल पावडरच्या पाण्यात चकचकीत धुवा, रात्री मासे झोपतात म्हणून मोटर बंद ठेवा, आणि मासा आजारी पडलाच तर गावतळ्यात सोडून द्या.

दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने हे सगळं तंतोतंत केलं. मुलीच्या हट्टापायी अंगणात सहा हजार लिटरचं सिमेंटचं टाकं बांधलं, पैसे साठवून मासे आणले. त्यातले दोनच उरलेत. फोनवर त्याने विचारलं, ‘दादा, पानी तं काचेवानी दिसून रायलं, मंग मासे मेले काऊन?’ हे उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यायला हवं. तो देणार नाही, म्हणून मी देतो.

पाणी स्वच्छ दिसणं आणि माशाला ते मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुरटीने गाळ खाली बसतो, हे खरं. पण माशाला मारतो तो अमोनिया, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मासा तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकत असतो. आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याच कुळातला, जपानच्या निगाता भागात रंगांसाठी निवडून वाढवलेला मासा म्हणजे कोई. तो खादाड आहे आणि खाल्लेल्या प्रथिनांच्या हिशेबात घाण करतो. ३५ टक्के प्रथिनांचं १०० ग्रॅम खाद्य रोज टाकलं, तर दिवसाला साधारण ३ ग्रॅम अमोनिया तयार होतो. सहा हजार लिटरच्या टाक्यात म्हणजे लिटरमागे रोज अर्धा मिलिग्रॅम.

हा अर्धा मिलिग्रॅम किती घातक, ते पाणी ठरवतं. १९७५ साली एमर्सन, रुसो, लुंड आणि थर्स्टन यांनी कॅनडाच्या मत्स्यसंशोधन मंडळाच्या जर्नलमध्ये याचं गणित मांडलं. मत्स्यशेतीत आजही त्याच कोष्टकाचा आधार घेतात. पाणी ३० अंशांवर असताना पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.८ टक्के विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच साडेसात टक्के. पीएच ९ ला जवळपास ४५ टक्के. आता दर्यापूर कुठे आहे? पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, त्यात सिमेंटचं नवं टाकं चुना सोडून पीएच आणखी चढवतं. साडेआठ पीएच धरला, तर फिल्टर काम करत नसताना एकाच दिवसाच्या खाद्याने विषारी अमोनिया लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमवर जातो. कायम सोसायला ०.०२ ते ०.०५ हीच मर्यादा मानतात. मेसेजमध्ये पीएच हा शब्दसुद्धा नाही.

आता त्या रविवारच्या धुण्याविषयी, कारण सगळ्यात मोठा घात तिथे आहे. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. आतल्या जाळीवर, पाईपच्या तुकड्यांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर चढतो तोच खरा फिल्टर. त्यात नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशाला पुष्कळच सोसतो. हा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टीसीएल, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते ती पावडर, ही जंतू मारण्यासाठीच आहे. ती हे जिवाणूही मारते. चार-सहा आठवड्यांत उभं राहिलेलं काम एका सकाळीत साफ, आणि मेसेज ते दर आठवड्याला करायला सांगतो!

वाईट असं की मासे त्याच दिवशी मरत नाहीत. रविवारी माल धुतला, नीट खंगाळला, परत भरला. सोमवारी सगळं ठीक. अमोनिया वाढत वाढत बुधवार-गुरुवारी मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. तोवर रविवार कोणाच्या ध्यानातही नसतो. मग ऊन जास्त झालं, खाद्य खराब होतं, कोणाची नजर लागली, अशी कारणं शोधली जातात. भावाकडे हेच झालं, आणि दोषी ठरला मासे विकणारा.

धुवायचंच तर टाक्यातलंच पाणी बादलीत घ्यायचं, माल त्यात हलकेच हिसळायचा, तोही एका वेळी अर्धाच. नळाचं क्लोरीनचं पाणी भरायचं असेल तर ते वेगळ्या ड्रममध्ये उन्हात, एअर पंप लावून एक दिवस ठेवावं, किंवा ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध वापरावं.

रात्री मोटर बंद ठेवण्याचा सल्ला जवळपास तितकाच घातक. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांवर जेमतेम ७. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं हे खरं आहे, पण रात्री तेच शेवाळ तो ओढतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो आणि नेमकी तेव्हा मोटर बंद. बादलीतले जिवाणूही गुदमरतात, कारण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला त्यांना साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. सकाळी मोटर लावली की आत सडलेलं, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी थेट माशांच्या अंगावर. आपल्याकडे लाईन जाते, मान्य. मग घरच्या इन्व्हर्टरवर छोटा एअर पंप लावा, त्याला पाच-दहा वॅट लागतात.

बाकीचं पटकन सांगतो. कोळसा रंग आणि वास ओढतो, अमोनिया नाही. बारीक वाळू या घाणीने काही दिवसांत चोंदते. टाक्यातलं पाणी एक-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे सहा हजार लिटरला तासाला निदान तीन हजार लिटर. कूलरची मोटर तिथवर पोहोचत नाही. आणि पाणी बदलायचं नाही म्हणे! मे महिन्यात पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा खारंच पाणी भरलं तर ते दर आठवड्याला आणखी खारं होतं. आठवड्याला दहावा हिस्सा तरी काढून ताजं भरावं. काढलेलं झाडांना घाला.

स्वस्तात घरगुती फिल्टर होतो, एवढं मात्र त्या मेसेजचं बरोबर आहे. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम घ्या. पहिल्यात पाणी कडेने गोल फिरत यावं, म्हणजे गाळ खाली बसतो. तळाला तो सोडायला कॉक बसवा. दुसऱ्यात शेडनेटचे गोळे, पीव्हीसी पाईपचे कापलेले तुकडे, बाटल्यांची झाकणं भरा. पाणी खालून वर चढून परत टाक्यात पडू द्या. चालू झाल्यावर पहिले दीड महिने मासे मोजकेच, खाद्य चिमूटभर, आणि अमोनियाची टेस्ट किट हाताशी. खाऱ्या पाण्याचा एक फायदाही इथे होतो: सुरुवातीला नायट्राइट वाढतो तेव्हा पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही.

राहिला गावतळ्याचा मुद्दा. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर ढिवर या मासेमार समाजाच्या संस्थांचं पोट आहे. एका अंगणातला आजारी मासा तिथे सोडला, तर त्याचे परजीवी आणि रोग त्यांच्या रोहू-कटल्यापर्यंत जातात. आजारी मासा वेगळ्या टबात, एअर पंप लावून ठेवायचा. मेलाच तर पाण्यापासून लांब खड्डा करून, चुना टाकून पुरायचा.