ग्रीनपीसचा ‘संस्थापक’ आणि वर्षानुवर्षं फिरणारा तो मेसेज

पॅट्रिक मूर यांच्या फोटोसकट एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हे ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे संस्थापक, हवामान बदल थोतांड आहे हे कळल्यावर त्यांनी संघटना सोडली, म्हणजे अख्खी पर्यावरण चळवळच खोटी. मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनीही ट्विटमध्ये त्यांना सहसंस्थापक म्हटलं, तेव्हापासून तर हे वाक्य पुराव्यासारखं तोंडावर फेकलं जातं.

आधी ‘संस्थापक’ हा शब्द घेऊ. अलास्काजवळच्या अम्चिटका बेटावर अमेरिकेने १९६९ मध्ये जमिनीखाली अणुस्फोट केला. पुढच्या, आणखी मोठ्या स्फोटाला विरोध करायला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ‘डोन्ट मेक अ वेव्ह’ समिती उभी राहिली. हीच समिती पुढे ग्रीनपीस झाली. त्यात आयर्विंग आणि डोरोथी स्टो, जिम आणि मेरी बोलेन ही जोडपी होती. बोट घेऊन थेट चाचणीच्या जागीच जायचं, ही कल्पना मेरी बोलेन यांची. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना मेरी किंवा डोरोथी ही नावं ठाऊकही नसतात, याचा मला खरोखर राग येतो. मूर यांनी मार्च १९७१ मध्ये याच समितीला पत्र लिहून बोटीवर जागा मागितली. ते पत्र आजही उपलब्ध आहे. स्वतः काढलेल्या संघटनेकडे कुणी असा अर्ज करत नाही.

मात्र त्यांचं योगदान नाकारायचं कारण नाही. सप्टेंबर १९७१ मध्ये ‘फिलिस कॉर्मॅक’ ही मासेमारीची बोट निघाली, तेव्हा ते तिच्यावर होते. पुढे अध्यक्षही झाले. जेरी रॉथवेल यांच्या ‘हाउ टू चेंज द वर्ल्ड’ (२०१५) या डॉक्युमेंटरीत सत्तरच्या दशकातलं मूळ चित्रीकरण आहे आणि मूर स्वतः बोलतातही. त्या काळातली भांडणं तिने लपवलेली नाहीत. बोट अम्चिटकापर्यंत पोचलीच नाही. अमेरिकन तटरक्षक दलाने तिला अडवलं, पण अडवायला आलेल्या जहाजावरच्या खलाशांनीच पाठिंब्याचं पत्र सह्या करून बोटीवरच्या लोकांच्या हाती दिलं! नोव्हेंबरमध्ये स्फोट झालाच, पण पुढच्याच वर्षी तिथल्या चाचण्या थांबवल्याचं जाहीर झालं.

आता संघटना सोडण्याचं कारण. मूर बाहेर पडले १९८६ मध्ये, आणि त्यांनी स्वतः दिलेलं कारण आहे ग्रीनपीसची क्लोरीनवर बंदी मागणारी मोहीम, जी त्यांना पटली नाही. हवामान बदलाच्या अभ्यासाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, आयपीसीसी, स्थापन झाली १९८८ मध्ये. म्हणजे हवामानाचा वाद पेटायच्या आधीच ते गेले होते.

उरला मुद्दा हवामानाचा. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवलं. ग्रीनपीस कुणी काढली यावर ते अवलंबून नाही. आणि पद पाहूनच विश्वास ठेवायचा असेल, तर बॉब हंटरही त्याच बोटीवर होते आणि मूर यांच्या आधी अध्यक्ष होते. त्यांनी २००२ मध्ये तापमानवाढीच्या धोक्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा फोटो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.