'गावाने फक्त पोरं पाठवली' म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्यास

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाची, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या गावाची, शाळा गावाच्या कष्टाने कशी वाढली यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक माजी विद्यार्थी' अशी सही करून एका वाचकाने प्रतिक्रिया लिहिली आहे. ती लांब आहे, म्हणून मुख्य वाक्यं इथे देते. "शाळा फादरांनी काढली, फादरांनीच वाढवली. गावाने फक्त पोरं पाठवली. उगाच गावाच्या घामाचं गाणं गाऊ नका." त्यापुढे तीन तक्रारी आहेत. पोर्तुगीजांचं धर्मांतर मी सोयीने गाळलं, संत गोन्सालो गार्सियांचं साल चुकवलं आणि मराठी वर्ग ओस पडले त्यावर अवाक्षर काढलं नाही. शेवटची ओळ अशी: "ताई, तुमची मुलगी कुठल्या माध्यमात शिकली तेही एकदा लिहा."

सालाबद्दल आपलं बरोबर आहे. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना 1627 साली 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, संतपद मिळालं ते 1862 साली. मी 1627 हेच संतपदाचं वर्ष लिहिलं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

पण आपण ज्या सुरात लिहिलं आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपण आमच्याच शाळेचे असाल तर प्रार्थनेनंतर फळ्यावरचा सुविचार रोज मोठ्याने वाचला असेल. मोठ्या माणसांशी कसं बोलावं हे त्याच गुरुजींनी आपल्यालाही शिकवलं असेल. 'ताई' म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात माझ्या घरात डोकवायचं, हे आमच्याकडे कुणी शिकवलं नव्हतं. चूक दाखवायला नाव लपवावं लागत नाही. मी माझ्या नावाने लिहिते आणि माझं घर चर्चपासून चार मिनिटांवर आहे.

आता त्या वाक्याकडे येते. 'फक्त' या शब्दाने मला दोन रात्री झोप लागू दिलेली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत शाळेची इमारत उभी राहत होती, तेव्हा माझी आजी तिशीत होती. पदरी चार मुलं, घरी वाडी, रहाटाला एकच बैल. रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपला की चर्चच्या आवारातून बायकांची रांग निघायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वाळूची पाटी. आजीच्या हिशेबाने घरटी वीस पाट्या ठरल्या होत्या. तिने चाळीस वाहिल्या, कारण शेजारची बाळंतीण होती. या पाट्यांची पावती कुणी फाडली नाही. फादरांच्या वहीत त्या नाहीत, म्हणून तुमच्या हिशेबातही नाहीत.

ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी केळीचं लोंगर दिलं, कुणी अंडी, कुणी नारळ. सणाच्या दिवशी चर्चसमोर त्यांचा लिलाव व्हायचा आणि आलेले आणे-रुपये शाळेच्या खात्यात जायचे. माझे वडील भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जात. त्या काळी स्टेशनचं नाव बेसिन रोड होतं. आठवड्यातल्या एका फेरीचे पैसे त्यांनी पावसाळाभर शाळेला दिले, आणि त्या पावसाळ्यात आमच्या घरी नवे कपडे आले नाहीत. हे मी कुठे वाचलेलं नाही, घरात ऐकत वाढले.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकांचे पगार तर सरकार देतं. देतंच. खासगी शाळांना अनुदान द्यायची पद्धत इंग्रज अमदानीतल्या 1854 च्या वूडच्या शैक्षणिक खलित्यापासूनची आहे आणि ती मिशनच्या शाळांपुरती कधीच नव्हती. पण अनुदान मिळवायला आधी शाळा उभी असावी लागते. वर्ग हवा, पट हवा, खोली हवी. सातवी फायनलच्या पुढे शिकायचं तर आमच्या मुलींना दुसऱ्या गावी चालत जावं लागे आणि बहुतेक घरी बसत. आठवीचा वर्ग मागायला गावातली माणसं फादरांकडे गेली, फादर शिक्षणखात्याकडे गेले. मग नैसर्गिक वाढीने आठवीमागून नववी आली, नववीमागून दहावी. दर वाढीला एक खोली लागली आणि दर खोलीला गाव पुन्हा उभं राहिलं. याला 'फक्त पोरं पाठवणं' म्हणायचं?

आणि हे फादर कोण होते? नंदाखालच्या सेंट जोसेफ शाळेत मराठीतून शिकलेला एक मुलगा पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाला, 'सुवार्ता' मासिकाचा संपादक झाला आणि 2020 साली उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. गावांनी जी पोरं 'फक्त पाठवली' त्यांच्यातूनच धर्मगुरू झाले, धर्मभगिनी झाल्या, मास्तर झाले. फादर एकीकडे आणि गाव दुसरीकडे, अशी तुमची मांडणी वसईत टिकत नाही. गावाने पोरं पाठवण्यापलीकडे काही केलं नाही असं मानणारा माणूस इथे वाढला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही वाचूनही सोडून दिलीत. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात भरली, त्यानंतर आमच्या वेदीवर मराठी आली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होता. आजीला तो तोंडपाठ होता, अर्थ मात्र एका ओळीचाही सांगता येत नसे. त्याच आवारात, वीस पावलांवर, फळ्यावर मराठी होती. घरात आम्ही सामवेदी ही इथली बोली बोलायचो आणि प्रमाण मराठी शाळेत शिकलो, तीही एका ब्राह्मण बाईंकडून. त्या आमचे 'च' आणि 'स' सरळ करायला मधली सुट्टी खर्च करायच्या. माझ्या बाकावर एक आगऱ्याची मुलगी होती, मागे दोन वारली भाऊ. चर्चच्या आत देव अजून परभाषेत बोलत होता, तेव्हा चर्चच्या शाळेने आम्हाला मराठी दिली. या ब्लॉगचं प्रत्येक अक्षर त्या फळ्यावरून आलेलं आहे.

पोर्तुगीजांबद्दल थोडक्यात. त्यांनी 1534 साली वसई घेतली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मी ज्या शाळेबद्दल लिहिलं तिचा त्या सत्तेशी संबंध नाही. सोळाव्या शतकात काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे, मी ते नाकारलेलं नाही. पण दर वेळी आमच्या तोंडावर ते फेकून आमच्या आजीच्या पाट्या खोट्या ठरवायच्या असतील, तर अशा चर्चेत मला रस नाही.

मराठी वर्गांचा विषय वेगळा आहे. पट घसरला, पटावरून शिक्षकांची संख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त ठरले, हे एकट्या आमच्या शाळेचं नाही, सगळ्या महाराष्ट्रात चाललं आहे. माझा लेख शाळा कशी वाढली यावर होता. त्यात हे का नाही, असं विचारणं मला पटत नाही.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. तो निर्णय आम्ही दोघांनी का घेतला हे अनोळखी माणसाला सांगायला मी बांधील नाही. ती घरी सामवेदी बोलते आणि आईचा हा ब्लॉग वाचते. तुमची प्रतिक्रियाही तिनेच मला आधी वाचून दाखवली. वाचताना तिचा आवाज कसा झाला होता ते तुम्हाला कळायला हवं होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मात्र पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच प्रसिद्ध करीन. आणि खरोखर माजी विद्यार्थी असाल तर रविवारी सातच्या मिस्सानंतर शाळेच्या व्हरांड्यात या. पूर्वेकडच्या पायऱ्यांजवळ भिंतीचा गिलावा निघाला आहे, आतली वाळू दिसते. ती बावखलाकडच्या, म्हणजे गावतळ्याकडच्या, वाटेने आणली होती. कुठून कुठवर ते मी चालून दाखवीन.