'जबरदस्ती कुठं आहे?' विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट गाड्यांनी तुंबला की आमच्या खानापूरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "पर्यटनाला मानवाधिकार शिकवू नका. पाहुणा आला की पैसा येतो, पोरांना काम मिळतं, सगळ्यांचंच भलं होतं. जबरदस्ती कुणी करत नाही, नको असेल त्यानं सोडावं. हक्क-बिक्क हे परदेशी खूळ, आपल्या होमस्टेवाल्यांना परवडणारं नाही."

पाहुणा आला की पैसा येतो, हे खरंच. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसात कणसं भाजणाऱ्या बाईलाही त्यातलं काही मिळतं. त्याबद्दल भांडण नाही.

भांडण 'जबरदस्ती'वर. बारावीनंतर मी गोव्यात एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागलो. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं ओरिजिनल मार्कलिस्ट ठेवून घेतली, 'व्हेरिफिकेशनला'. एक पगार कायम मागे. खोलीत आम्ही आठजण आणि खाटा चार. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गादीवर. ती गादी कधी गार लागल्याचं मला आठवत नाही. टॉवेल कमी भरला की पगारातून कापायचे, मग तो गिऱ्हाइकानं बॅगेत घालून नेलेला का असेना. गणपतीला गावी जातो म्हटलं तर मॅनेजर हसून म्हणाला, "जा की, मार्कलिस्टचं नंतर बघू." दाराला कुलूप नव्हतं. तरी पुढचे चार महिने मी हललो नाही.

"नको असेल त्यानं सोडावं" याला सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच उत्तर दिलंय. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचा तो खटला. न्यायालय म्हणालं, किमान वेतनाहून कमी पैशात कुणी राबत असेल तर ती संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. कारण सक्ती काय फक्त दांडक्याची असते? पोटाचीही असते.

आता परदेशी खूळ. जागतिक पर्यटन संघटनेची आचारसंहिता १९९९ची, उद्योगांनी मानवी हक्क कसे पाळावेत याची संयुक्त राष्ट्रांची तत्त्वं २०११ची. आपलं संविधान १९५०चं. त्याच्या कलम १५ मध्ये दुकानं आणि उपाहारगृहांच्या जोडीला चक्क हॉटेलांचा उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथं कुणाला अडवायचं नाही. हे काही गोऱ्या टुरिस्टांची सोय म्हणून लिहिलेलं नाही. चहाची वेगळी कपबशी कुणासाठी वळचणीला ठेवलेली असायची, हे ठाऊक असलेल्या माणसांनी लिहिलंय.

परवडत नाही म्हणता, तर चौदा वर्षांखालच्या पोराला कपबशा विसळायला न ठेवण्याचा खर्च किती? ढाबे-हॉटेलांत २००६ पासून ते बंद आहे. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीसुद्धा दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथंच लागते; त्याखाली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तीन खोल्यांच्या होमस्टेवर यातलं ओझं ते काय पडलं?

आणि 'सगळ्यांचं भलं' म्हणणाऱ्यानं एकदा पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर उभं राहावं. पोरींना देवदासी म्हणून देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२च्या कायद्यानं बंदी घातली. त्याआधी सोडलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. गेल्या खेपेला एका जोगतिणीच्या तोंडापुढं कॅमेरा आला. तिनं पदर ओढून घेतला. फोटोवाला वाकून पदराखालून कोन शोधत होता, "आज्जी, एकच, एकच." तिच्याच हातातल्या परडीत त्यानं दहाची नोट टाकली, म्हणजे हिशेब मिटला असं त्याला वाटलं असावं.

मेसेज टाकणारे आमच्या गल्लीतलेच एक मामा आहेत. त्यांचा पोरगा पुढच्या महिन्यात गोव्याला कामाला लागतोय. मामांशी मी ग्रुपवर वाद घातला नाही. पोराला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं, मार्कलिस्टची झेरॉक्स दे, ओरिजिनल घरच्या ट्रंकेत राहू दे.