छपराला घाबरलेला राजा आणि सास्तूरकडचे अण्णा

परवा लिस्बनहून शाळेतल्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलाय, आमच्या वाड्यावरची निम्मी पोरं तशीच गेलीत, असो. तर तो कार्मोच्या चर्चमध्ये उभा राहून मोबाईल वर धरून दाखवत होता, कमानी सगळ्या जागेवर पण छप्परच नाही, सरळ आभाळ. मी म्हटलं, अरे हे तर आपल्या जुन्या गोव्यातल्या सांत आगुस्तीनच्या पडक्या चर्चसारखं दिसतंय. तर म्हणे ते आपलं ओस पडून पडलं, हे भूकंपाने पाडलं.

१ नोव्हेंबर १७५५. सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं माणसांनी भरलेली आणि जिकडेतिकडे मेणबत्त्या. जमीन हलली, चर्चं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, जी माणसं मोकळी जागा म्हणून नदीकाठी पळाली त्यांच्यावर समुद्राचं पाणी चालून आलं. आग पुढे पाचेक दिवस जळत होती. हजारो माणसं गेली.

यावर आपल्याकडे व्हॉट्सअपवर एक ठरलेला फॉरवर्ड फिरतो की पोंबालसारखा, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज राजाच्या मंत्र्यासारखा, कणखर नेता पाहिजे, बघा कसं शहर परत उभं केलं. केलं, खरंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण लुटारूंसाठी फासाचे खांब उभे केले हे मोठ्या चवीने सांगतात आणि मला जे सगळ्यात भारी वाटतं ते कोणी सांगतच नाही. ते म्हणजे त्याने देशभरातल्या चर्चच्या पाद्रींना प्रश्न लिहून पाठवले. धक्का किती वेळ टिकला, किती बसले, समुद्र आधी मागे गेला का वर आला, किती घरं पडली, किती माणसं गेली. पावणेतीनशे वर्षांपूर्वी! आमच्याकडे आज पावसात दरड कोसळते तेव्हा गावातल्या माणसाला कोणी एवढं विचारत नाही, फोटो काढतात आणि जातात.

आता मी साईट सुपरवायझर, फोंड्यात गेली बावीस वर्षं हेच काम, त्यामुळे माझं लक्ष बांधकामावर. मानुएल द माया नावाचा इंजिनियर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्याने पर्याय मांडले, होतं तसंच बांधा, रस्ते रुंद करा, सगळं साफ करून नवीन आखा, नाहीतर शहरच दुसरीकडे न्या. शेवटी खालचा सखल भाग साफ करून सरळ रस्त्यांचा बाईशा भाग उभा राहिला, सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता. आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, उभे आडवे वासे आणि फुल्या, वरून गिलावा. भिंत सुटली तरी पिंजरा धरून ठेवणार ही आयडिया. मॉडेलभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून टेस्ट केली असं सांगतात. आमच्या टेस्टिंगवाल्यांनी हे वाचावं, ते काँक्रीट तपासायचे क्यूब भरायलासुद्धा वेळेवर येत नाहीत.

पण एवढं मजबूत शहर उभं राहत असताना राजा कुठे होता माहितेय? जुझे पहिला. तो दगडी छपराखाली झोपायला तयारच नव्हता. आजुदाच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी बांधकामात राहिला तो १७७७ मध्ये मरेपर्यंत. बावीस वर्षं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या मुकादमाचे वडील आठवले.

आमचा मुकादम सास्तूरकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपात, तो सहा वर्षांचा होता. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं संपलं. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे १०,००० माणसं. आमची चवथ तेव्हा कधीच उरकली होती, आईने नवी भांडी आणि चादरी बांधून गाडीत पाठवल्या एवढं आठवतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाला गेलो. नवं गाव, सरकारने बांधून दिलेलं, रुंद सरळ रस्ते, अगदी कॉलनी. घरावर स्लॅब. आणि त्याचे वडील, अण्णा, अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर. मी आपलं इंजिनियरिंग झाडलं, म्हटलं अण्णा हा स्लॅब पडत नाही. ते म्हणाले, ‘‘पत्रा पडला तर खरचटंल लेकरा, ह्यो पडला तर?’’ पुढे काय बोलणार. चहा प्यायलो.

तिकडची जुनी घरं पडली ती दगडामुळे पडली असं सगळे धरून बसले आणि ते अर्धवटच खरं आहे. दोन-अडीच फूट जाड भिंत, पण मातीत रचलेली, बाहेरचा थर वेगळा आतला वेगळा, मध्ये भर, दोन्हींना धरणारा आरपार दगड नाही. वर मातीचं माळवद, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढवत गेलेलं. भिंत फुगून सुटली की ते सगळं ओझं खाली. दगडाचा दोष नाही, बांधणीचा दोष. पण जिवाला बसलेल्या धक्क्याला बांधणी कोण समजावणार, मग सगळीकडे सिमेंट, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सिमेंटची ती खोली म्हणजे भट्टी.

५२ गावं हलवली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फुटांची घरं. भूमिहीनाला २५०. ठीक, पण बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा? लिस्बनचे सरळ रस्ते व्यापाऱ्याला चालले, शेतकऱ्याला त्या सरळपणाचं काय करायचंय. याउलट जिथे गाव हलवलं नाही, जुनीच घरं दुरुस्त करून मजबूत करायची ठरलं, तिथे गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं. त्या घरोघरी जाऊन अनुदान, साहित्य, काम कसं करून घ्यायचं हे समजावत. मला विचाराल तर अख्ख्या पुनर्वसनातलं सगळ्यात शहाणं काम ते.

नकाशाने गाव होत नाही याचं उदाहरण तर आपल्या दारात आहे. पोंबालाच्याच राजवटीत जुनं गोवं परत उभं करायचा हुकूम आला. पण रोगराईने लोक आधीच निघून चाललेले, व्हाइसरॉय स्वतः १७५९ लाच पणजीला येऊन राहिलेला. शहर काही उभं राहिलं नाही, १८४३ ला पणजीच राजधानी झाली.

गोवा भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, हे किती जणांना माहितेय? आजी सांगायची, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मांडणीवरची भांडी वाजली होती. आणि आपण बांधतोय काय, खाली पार्किंग, नुसते खांब, भिंत नाही, वर पाच मजल्यांचा भार. एका बिल्डरला मी म्हटलं, खाली दोन ठिकाणी आरसीसी भिंत घाला. तर म्हणे सुपरवायझर, दोन गाड्या कमी बसतील, आणि गोव्यात कुठे भूकंप होतो?

मुकादम मात्र रिंगांच्या बाबतीत ऐकत नाही. कॉलमच्या सळ्यांभोवती जी रिंग घालतात तिचं टोक काँक्रीटच्या आत वळवलेलं पाहिजे, नुसतं काटकोनात मोडलं तर हादऱ्यात रिंग उघडते. फिटरना आत वळवायचा कंटाळा. काल बिल्डर स्लॅबची घाई करत उभा होता आणि हा एकेक रिंग हाताने चाचपत होता. चाळीसेक बाजूला फेकल्या. परत वळवून घेतल्या, तोवर अंधार पडला, काँक्रीटचा पंप परत पाठवला.