कर्नलच्या बदलांचा लॉग कचरा नाही, तो पुसू नका

माझा भाचा सिस्टिम ॲडमिन म्हणून नुकताच कामाला लागलाय. परवा त्याचा फोन आला, "मामा, तीन सर्व्हरवरचे कर्नल कॉन्फिगरेशनचे लॉग रिकामे केले. तो मेसेज फिरतोय ना, त्यात लिहिलंय की ते ठेवून काही उपयोग नसतो." कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि त्याच्या सेटिंग्जमधल्या बदलांची नोंदवही म्हणजे हा लॉग. तो मेसेज माझ्याकडेही आला होता आणि मी सोडून दिला होता. आता सोडवत नाही. त्यात चार दावे आहेत: हा लॉग कचरा आहे आणि पुसला की जागा आणि वेग दोन्ही मिळतात, कर्नल स्वतःच सगळं डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) लिहितो, उरलेलं शेलच्या हिस्टरीत (टाइप केलेल्या कमांडच्या यादीत) असतं, आणि काही बिघडलंच तर रीबूट केलं की सगळं पूर्वीसारखं होतं.

पहिला दावा सगळ्यात घातक. भाच्याकडचे सर्व्हर जुने, एचपी-यूएक्स या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमचे. तिथे व्हारखालच्या एडीएम फोल्डरमध्ये केसी डॉट लॉग नावाची फाइल असते आणि ती बघायला केसीलॉग ही कमांड. ही साधी मजकुराची फाइल आहे. तिने कितीशी जागा अडणार? आणि वेगाचा तर संबंधच नाही, कर्नल चालताना ती वाचत बसत नाही. कर्नलच्या किमती बदलायची कमांड म्हणजे केसीट्यून; तिच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की मोठ्या सी ऑप्शनने दिलेली टिप्पणी या लॉगमध्ये जाते. म्हणजे ज्यांनी ही सोय केली त्यांना बदलाबरोबर बदलाचं कारणही तिथेच हवं होतं.

ते कारणच महत्त्वाचं. समजा सेमाफोरची (प्रोसेसमधला ताळमेळ राखणाऱ्या खुणांची) मर्यादा, सेमएमएनआय, कुणीतरी वाढवलेली आहे. केसीट्यून तुम्हाला आत्ताची किंमत सांगेल, पुढच्या बूटला कोणती लागू होणार ते सांगेल, डीफॉल्ट किती तेही सांगेल. पण ती कुणी वाढवली, कोणत्या डेटाबेससाठी वाढवली, तो डेटाबेस अजून आहे की कधीच हलवला, हे ती सांगू शकत नाही. टिप्पणीत एक ओळ असती, "नव्या डेटाबेसच्या इन्स्टॉलेशनसाठी वाढवली", तर आज निर्णय पाच मिनिटांत झाला असता. लॉग पुसला की ती किंमत कमी करायची हिंमत कुणाची होत नाही, आणि तशीच ठेवायची तर का ठेवायची हेही कुणाला माहीत नसतं.

एक गोष्ट मान्य करतो, लॉग रिकामा केल्याने त्या क्षणी काहीच बंद पडत नाही. म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो. फाइल खरंच फुगली असेल तर जुना भाग कॉम्प्रेस करून दुसरीकडे ठेवा. पुसता कशाला?

आता डीमेसेज. लिनक्सवर सिस्सीटीएल या कमांडने बदललेल्या बहुतेक किमतींची कर्नल कुठेही नोंद करत नाही. कॅशे रिकामी करणाऱ्या ड्रॉप-कॅशेसमध्ये लिहिलं की प्रोसेसचं नाव आणि क्रमांक डीमेसेजमध्ये उमटतो, तेवढ्यापुरतं मेसेजमधलं खरं. पण तो अपवाद आहे. शिवाय डीमेसेज म्हणजे मेमरीतला गोल बफर, भरला की जुन्या ओळी जातात.

हिस्टरीचं थोडक्यात सांगतो: बॅश हे नेहमीचं शेल ती सहसा सेशन संपताना लिहितं, वेगळं सेटिंग केल्याशिवाय वेळ नोंदवत नाही, आणि चारजण एकच रूट (ॲडमिनचं) खातं वापरत असतील तर माणूस कळत नाही. स्क्रिप्टने केलेले बदल तिच्यात येतच नाहीत.

रीबूटचा दावा अर्धाच खरा. सिस्सीटीएलने चालू कर्नलमध्ये केलेला बदल रीबूटला जातो, पण एटसीतल्या सिस्सीटीएल-डी फोल्डरमधल्या फाइली बूट होताना पुन्हा लागू होतात. एचपी-यूएक्सवर केसीट्यूनने केलेला बदल तर रीबूटनंतरही राहतो. टीसीपी-टीडब्ल्यू-रिसायकल या लिनक्सच्या नेटवर्क सेटिंगचं काय झालं ते आठवा. ट्यूनिंगच्या याद्यांमधून उचलून लोकांनी त्याची किंमत 1 करून ठेवली आणि एकाच नॅटमागच्या (एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेणाऱ्या) ग्राहकांची कनेक्शनं अधूनमधून पडू लागली. शेवटी लिनक्स 4.12 मध्ये, 2017 साली, ते काढूनच टाकलं. ज्यांच्या फाइलीत ती ओळ होती, त्यांनी कितीही वेळा रीबूट केलं असतं तरी ती परत लागू झाली असती.

लिनक्सवर अशी तयार वही नाही, म्हणून ती आपण ठेवायची. किंमत सिस्सीटीएल-डीमधल्या फाइलीतूनच बदला, वर कारणाची एक ओळ लिहा, फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवा, ऑडिटडीला (कोणी काय बदललं ते नोंदवणाऱ्या सेवेला) त्यावर लक्ष ठेवायला सांगा. थेट प्रॉक-सिसमध्ये (चालू कर्नलच्या किमती असलेल्या फोल्डरमध्ये) लिहिलेला बदल या फाइलींत दिसणार नाही, म्हणून तसं लिहायची सवयच लावून घेऊ नका.

भाच्याने दोन सर्व्हरचे लॉग बॅकअपमधून परत आणलेत. तिसऱ्याच्या बॅकअपमध्ये व्हार घेतलेलंच नव्हतं. एचपी-यूएक्सचा नेहमीचा (स्टँडर्ड) सपोर्ट 31 डिसेंबर 2025 ला संपला, आणि ती मशिनं बसवणारी माणसंही नोकरी सोडून गेलीत. त्यातल्या दोघांचे नंबर मिळालेत, तो त्यांना फोन करून एकेका किमतीचं कारण विचारतोय आणि कळेल तसं लिहून घेतोय.