तो फोटो पश्चात्तापाचा नाही

रिंगणाच्या कठड्याशी डोक्याला हात लावून बसलेला मॅटाडोर (बैलझुंजीत वळूशी लढून त्याला मारणारा), पुढ्यात रक्तबंबाळ वळू नुसता उभा. हा फोटो व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. खाली मजकूर असा: कोलंबियाच्या आल्व्हारो मुनेरा यांना भर झुंजीत वळूच्या डोळ्यांतला निरागसपणा दिसला, ते तिथंच कोसळले आणि झुंज कायमची सोडली. बैलझुंज बंद व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच हे खोडून काढायला हवं. एक थाप उघडी पडली की झुंजीचे समर्थक आपलं सगळंच म्हणणं थाप ठरवतात.

फोटोतला माणूस मुनेरा नव्हेच. तो स्पॅनिश मॅटाडोर सांचेस वारा.

आणि तो खचलेलाही नाही. या पवित्र्याला ‘देसप्लांते’ म्हणतात. तोवर घोडेस्वाराने भाला खुपसून वळूच्या मानेचे स्नायू फाडलेले असतात, खांद्यात रुतलेल्या काटेरी काठ्या लोंबत असतात, मान वर उचलवत नाही. अशा वेळी मॅटाडोर त्याच्याकडे पाठ फिरवतो, गुडघे टेकतो, शिंगाला हात लावतो, नाहीतर कठड्याच्या पायरीवर खुशाल बसतो. जनावर आता पुरतं माझ्या मुठीत आहे, हे प्रेक्षकांना दाखवायचं असतं. ज्याला करुणा समजून आपण हात जोडतो, ते मिरवणं आहे.

बरं, समजा कुणी खरंच कळवळून बसला, तर वळू वाचतो का? नाही. स्पेनच्या नियमांप्रमाणे वळूला मारायचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर तो मेला नाही, तर मॅटाडोरला 10 मिनिटांनी पहिला इशारा, 3 मिनिटांनी दुसरा, आणखी 2 मिनिटांनी तिसरा. मग वळूला आत नेऊन मारतात. जीवदान मिळतं ते झुंजीच्या अध्यक्षाने केशरी रुमाल दाखवला तरच, आणि तेही त्याच्या शौर्याबद्दल.

मुनेरांनी झुंज सोडली, एवढं खरं. पण 1984 मध्ये स्पेनच्या आल्बासेते प्रांतात वळूने त्यांना उचलून आपटलं आणि ते कायमचे व्हीलचेअरवर आले, तेव्हा. त्याआधी त्यांनी मारलेली एक कालवड गाभण निघाली होती. तिच्या पोटातून वासरू काढताना पाहून आपल्याला ओकारी आली, रडू फुटलं, असं त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. तिथंच सगळं सोडावंसं वाटलं. मॅनेजरने पाठ थोपटली, या धंद्यात हे चालायचंच म्हणाला, आणि ते पुन्हा रिंगणात उतरले. पश्चात्ताप असा असतो, फोटोत न मावणारा. पुढे ते मेडेलिनच्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि प्राण्यांसाठी भांडत राहिले. कोलंबियाच्या संसदेने 2024 मध्ये बैलझुंजीवर बंदीचा कायदा केला, त्यामागे अशा माणसांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे.