'सातु रिबु' शोधा, 'सरिबु' टाका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रुपियाची रक्कम इंडोनेशियन अक्षरांत लिहिणाऱ्या फंक्शनवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: इंडोनेशियन संख्या इंग्रजीसारख्याच तीन-तीन अंकांच्या गटांत चालतात, तेव्हा इंग्रजीचं तयार फंक्शन घेऊन शब्द बदलले की काम झालं. 'सरिबु'साठी (एक हजार) वेगळी अट नको, शेवटी 'सातु रिबु' ('सातु' म्हणजे एक, 'रिबु' म्हणजे हजार) शोधून त्याजागी 'सरिबु' टाकावं. तुमचा एक्सेलचा मॅक्रो असाच चालतो आणि कधी अडला नाही. आणि आयसीयू (भाषेनुसार संख्या लिहून देणारी तयार लायब्ररी) हे एका ओळीत देत असताना एवढा कोड कशाला?

मधल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, खरा मतभेद तिथे आहे. (खाली आकडे इंडोनेशियन पद्धतीने लिहिले आहेत: हजारांना टिंब, दशांशाला स्वल्पविराम.)

१.००० म्हणजे 'सरिबु', हे बरोबर. पण २१.००० म्हणजे 'दुआ पुलुह सातु रिबु'. यात 'सातु' हा एकवीसमधला एक आहे, त्याचा 'रिबु'शी थेट संबंध नाही. तुमची शोधा-बदला पद्धत त्याचं 'दुआ पुलुह सरिबु' करते, आणि असं कोणी म्हणत नाही. १०१.००० चं 'सरातुस सातु रिबु' तसंच बिघडून 'सरातुस सरिबु' होतं. 'सपुलुह' (१०), 'सबलास' (११) आणि 'सरातुस' (१००) या तिघांच्या बाबतीत बदलण्याची युक्ती निभावून जाते, कारण तीन अंकांच्या गटात शेकड्याच्या किंवा दशकाच्या अंकाला चिकटलेला दुसरा अंक नसतो. 'रिबु'च्या आधी मात्र १ ते ९९९ पर्यंतची पूर्ण संख्या येते. म्हणून एकट्या 'सरिबु'लाच अट लागते, आणि ती अट गटाच्या किमतीवर हवी: हजारांचा गट बरोबर १ असेल तर 'सरिबु', नाहीतर गटाचे शब्द आणि पुढे 'रिबु'.

यावर तुम्ही म्हणाल की शोधताना 'सातु रिबु' मजकुराच्या सुरुवातीला किंवा 'जुता' (दहा लाख), 'मिलियार' (शंभर कोटी), 'त्रिलियुन' (लाख कोटी) यांच्या नंतर आहे का ते तपासू. जमेल. मग ऋण रक्कम येते, आधी 'मिनुस' (उणे) लागतं आणि सुरुवातीची अट फसते. तो शब्दही यादीत घालावा लागतो. जी किंमत दोन ओळी आधी हातात होती ती शब्दांमधून परत ओळखून काढायची, हा द्राविडी प्राणायाम मला पटत नाही.

'सातु जुता'च्या 'सजुता' या जोडरूपाबद्दलही तुम्ही विचारलंत. बोलताना ते सर्रास चालतं. पावतीवरच्या 'तरबिलांग' ओळीत, म्हणजे अक्षरी रकमेच्या ओळीत, 'सातु जुता' लिहावं. म्हणून १.००१.००० चं 'सातु जुता सरिबु' होतं. कानाला विचित्र वाटलं तरी बरोबर आहे.

इंग्रजीचा सांगाडा घेण्याबद्दल. गटांचा बाहेरचा लूप खरंच तसाच राहतो आणि किमान शून्य गट गाळण्याची अट त्यात आयती मिळते. ती नसली तर २.०००.००० चं 'दुआ जुता रिबु' होतं. पण गटाच्या आतलं जवळपास सगळं टाकावं लागतं. इंडोनेशियनला वीस ते नव्वदच्या वेगळ्या शब्दांची यादी लागत नाही, अंकापुढे 'पुलुह' लावलं की झालं. दशकाचा अंक १ असला की तीन वाटा: १० ला 'सपुलुह', ११ ला 'सबलास', १२ ते १९ ला एककाचा अंक आणि पुढे 'बलास'. (मराठीसाठी हेच फंक्शन लिहायचं तर नव्याण्णवपर्यंत सगळे शब्द यादीत कोंबावे लागतात.)

वरच्या टोकाला आणखी एक फरक आहे. इंडोनेशियाच्या सरकारचा वार्षिक खर्च ३.००० त्रिलियुन रुपियांच्या पुढे गेला आहे आणि तो 'तिगा रिबु ... त्रिलियुन' असाच वाचतात. म्हणजे त्रिलियुनच्या वर तीन अंकांचे गट पाडायचे नाहीत. १०^१२ ने भागून आलेला पूर्ण भागाकार त्याच फंक्शनला परत द्यायचा. १.००० त्रिलियुनचं 'सरिबु त्रिलियुन' मग आपोआप येतं.

तुमच्या मॅक्रोबद्दल. तो अडला नाही याचं कारण बहुधा रकमा लहान आहेत. व्हीबीएमध्ये (एक्सेल मॅक्रोची भाषा) 'लाँग' या पूर्णांक प्रकाराची मर्यादा २.१४७.४८३.६४७, म्हणजे जेमतेम २ मिलियार रुपिया. जकार्तातल्या एका बऱ्या घराची किंमत यापुढे जाते. व्हेरिएबल 'डबल' किंवा 'करन्सी' प्रकारचं केलं तरी सुटका नाही, कारण बाकी काढणारा 'मॉड' आणि उलट्या तिरक्या रेघेचा पूर्णांक-भागाकार दोन्ही आधी संख्येचा पूर्णांक करतात आणि मर्यादेबाहेर 'ओव्हरफ्लो' देतात. शिवाय तो पूर्णांक छाटून नाही, राउंड करून होतो, म्हणजे सेनचे (रुपियाचा शंभरावा भाग) अंक असतील तर गट चुकीचा पडू शकतो. त्याऐवजी भागाकारावर 'इंट' लावा, त्याला भाजकाने गुणून मूळ रकमेतून वजा करा, तीच बाकी.

इंटरनेटवर फिरणारं पीएचपीचं छोटं रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणारं) फंक्शन इतर भाषांत उतरवतानाही असंच होतं. त्यात भागाकार साध्या तिरक्या रेघेने केलेला असतो आणि २५ भागिले १० चं २,५ थेट यादीचा क्रमांक म्हणून जातं. पीएचपी ते छाटून २ करते म्हणून चालतं, पण ८.१ पासून त्यावर इशारा देते. तोच कोड जावास्क्रिप्टमध्ये 'अनडिफाइन्ड पुलुह' छापतो आणि पायथन ३ मध्ये 'टाइपएरर' देऊन थांबतो. पूर्णांक-भागाकार स्पष्ट लिहा: पीएचपीत 'इंटडिव्ह', पायथनमध्ये दोन तिरक्या रेघा, जावास्क्रिप्टमध्ये 'बिगइंट'. जावास्क्रिप्टचा साधा 'नंबर' ९.००७ त्रिलियुनच्या थोडं पुढेपर्यंतच पूर्णांक अचूक धरतो. रक्कम सेनमध्ये साठवली तर ही हद्द ९० त्रिलियुन रुपियांवर येते.

सेन व्यवहारात उरले नाहीत, हे तुमचं म्हणणं मान्य, पण हिशेबात ते येतात. २०२५ पासून चैनीच्या नसलेल्या वस्तूंवर १२ टक्के मूल्यवर्धित कर किमतीच्या अकरा-बारांशावर लागतो. १.०००.००० च्या मालाचा करपात्र आकडा ९१६.६६६,६७ होतो. हे नुसती संख्या म्हणून वाचायचं तर 'कोमा' म्हणून पुढचे अंक एकेक: 'कोमा अनाम तुजुह'. पैसे म्हणून वाचायचं तर 'रुपिया अनाम पुलुह तुजुह सेन'. कोणतं हवं ते फंक्शनला बाहेरून सांगा. पहिल्या पद्धतीत अपूर्णांकाचा भाग मजकूर म्हणूनच ठेवा. ०,०५ मधल्या '०५' चा पूर्णांक केला की ५ उरतो आणि 'नोल कोमा नोल लिमा' ('नोल' म्हणजे शून्य) ऐवजी 'नोल कोमा लिमा' येतं, दहापट. आत येणाऱ्या मजकुराचंही तेच: '१.५००' जसंच्या तसं जावास्क्रिप्टच्या 'पार्सफ्लोट'ला दिलं की दीड होतं. आधी टिंबं काढा, मग स्वल्पविरामाजवळ तोडा.

आता आयसीयू. साध्या पूर्णांकांसाठी आणि सर्व्हरवर पीएचपीचं 'इंटल' एक्स्टेन्शन (त्यातून आयसीयू वापरता येतं) असेल तर तेच वापरा, यात माझं दुमत नाही. पण दशांश रक्कम मजकुराऐवजी संख्या (फ्लोट) म्हणून दिली तर १,५० मधलं शेवटचं शून्य तिथे उरलेलं नसतं, रुपिया-सेन आपणच जोडायचे असतात, आणि ब्राउझरच्या 'इंटल'मध्ये अक्षरी लेखनाची सोयच नाही. लोकेल (भाषेची सेटिंग) मात्र इंडोनेशियनच द्या. जवळची भाषा म्हणून मलय दिलंत तर आठाला 'दलापान'ऐवजी 'लापान' येईल.

एवढी काटेकोर वागणूक कशाला, याचं उत्तर चेकवर आहे. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळली नाही तर इंडोनेशियन कायद्यात अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात, आपल्याकडे धरतात तशीच.

तुमच्या पद्धतीतून हे आकडे एकदा घालवून पाहा: ०, १०, ११, १९, १००, १११, १.०००, १.१००, ११.०००, २१.०००, १०१.०००, १.००१.०००, २१.०००.०००, १.०००.००१.०००, उणे १.००० आणि ०,०५. पहिल्या आकड्याला रिकामी ओळ आली तर अंकांच्या यादीत शून्याच्या जागी रिकामा मजकूर आहे. 'दुआ पुलुह' पुढे 'नोल' येऊ नये म्हणून तो तसा ठेवतात, पण मग 'नोल' फंक्शनच्या तोंडाशीच वेगळा परत करावा लागतो.